अकरावं नाव

बेसिनपाशी अकरा भुतं रांगेत उभी होती आणि मी त्यांना एकेकीला तोंड धुवायला लावत होते. कुणाच्या गालावर टाके काढलेले, कुणाच्या कपाळातून रक्त ओघळलेलं, एकीचा अर्धा चेहरा कवटीचा आणि अर्धा तिचा स्वतःचा. साबण लावला की काळं-तांबडं पाणी वाहून जायचं आणि आतून एकोणीस-वीस वर्षांची भेदरलेली पोरगी बाहेर यायची. मग मी नाव, वडलांचं नाव, गाव, कॉलेजचं वर्ष विचारायचे आणि वहीत लिहायचे. लिहून झालं की ती शेजारच्या खोलीत जाऊन बसायची.

एकतीस ऑक्टोबर होता, रात्रीचे साडेआठ वाजले होते. मी तेव्हा आंबेखिंड पोलीस ठाण्यात शिपाई होते, नोकरीचं चौथं वर्ष. छाप्याला गेलेल्या तुकडीत बाईमाणूस मी एकटीच.

आंबेखिंडला टेकडीवर कॉलेज झालं आणि खालचं गाव पोरांवर जगायला लागलं. कुणी खोल्या बांधल्या, कुणी मेस काढली, कुणी झेरॉक्सचं दुकान टाकलं. दिल्ली-गुजरातकडची पोरं यायची. त्यांच्याबरोबर भुतांची सोंगं घ्यायचा हा हॅलोविनचा सणही आला. गावात त्याला 'पोरांची अमावास्या' म्हणत. पहिली दोन वर्षं लोक हसले. आदल्या वर्षी मात्र तोंडं रंगवलेली पन्नासेक पोरं मोटारसायकली घेऊन बाजारपेठेतून ओरडत गेली, आणि मारुतीच्या देवळातून बाहेर पडणारी एक म्हातारी घाबरून पायरीवरून पडली. तिचं माकडहाड मोडलं. तेव्हापासून गाव चिडलेलं होतं. या वर्षी एका संघटनेनं ठाण्यावर निवेदन दिलं. आमच्या धुमाळसाहेबांनी वसतिगृहांना नोटिसा पाठवल्या, की मुखवटे नाहीत, मिरवणूक नाही, सातनंतर स्पीकर नाही. मग पोरांनी गावापासून चार किलोमीटरवर द्राक्षबागेतला एक बंगला भाड्यानं घेतला. ती खबर साहेबांना दुपारीच लागली होती. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा जीपच्या मागे एका चॅनेलवाल्याची गाडी होती.

हॉलमध्ये दारूच्या बाटल्या होत्या, गाणी चालू होती. त्याहून वाईट काही मला दिसलं नाही. साहेबांनी मुलं एका भिंतीला आणि मुली दुसऱ्या भिंतीला बसवल्या, बोटानं मोजल्या आणि फोनवर वर कळवलं. सव्वीस मुलं, अकरा मुली. तोच आकडा त्यांनी कॅमेऱ्यासमोर पुन्हा सांगितला. मग मला म्हणाले, मुलींना वर ने, तोंडं धू, नावं घे.

वरच्या खोलीत नूतनवहिनी बसल्या होत्या. गावात त्यांचं पार्लर होतं. पलंगावर मेकअपची पेटी उघडी होती आणि त्या ब्रश पुसत होत्या. मला वर्दीत बघून त्या उठून उभ्या राहिल्या. माझ्या लग्नात मला त्यांनीच सजवलं होतं. टोपी घालून घालून माझ्या कपाळावर उन्हाची रेघ पडली होती, वर गोरं आणि खाली काळं. ती रेघ झाकायला त्या अर्धा तास खपल्या होत्या, आणि सासरच्या बायकांना सांगितलं होतं की नवरीचा रंग मुळातच उजळ आहे. गेली तीन वर्षं पोरी भुताच्या मेकअपसाठीही त्यांनाच बोलवायच्या. मोबाइलवर बघून त्या शिकल्या होत्या. चार वाजता आले, काम झालं, आता मालकांची वाट बघतेय, असं त्यांनी मला सांगितलं. त्यांचे यजमान भास्करराव विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान चालवत. मी म्हटलं, बसा जरा, माझं आटपू दे.

आठवी पोरगी कवटीची होती. ती तोंड धुताना वर बघेना. पाणी तसंच वाहत राहिलं. मी नाव विचारलं. पुन्हा विचारलं.

"ताई," ती बेसिनकडे बघतच म्हणाली.

ती माझी धाकटी बहीण होती. तृप्ती. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला. वडील गेले तेव्हा ती नववीत होती. तिची फी, तिची पुस्तकं, वसतिगृह, सगळं मी बघत आले होते, आणि गुणवत्ता यादीत तिचं नाव लागलं तेव्हा ठाण्यात पेढे वाटले होते. आदल्या दिवशीच तिनं मला फोनवर सबमिशन असल्याचं सांगितलं होतं.

तिच्या मागे तिघी उरल्या होत्या. त्या तिच्याच वर्गातल्या. त्यांनी खाली बघितलं.

मी तिला दंडाला धरून बाथरूममध्ये ओढलं. ती रडत नव्हती. आपण दारू प्यायलो नाही, म्हणाली. मग म्हणाली, "जे सगळ्यांचं होईल ते माझं होईल, ताई. लिही नाव."

मी लिहिलं नाही. डिसेंबरात तिच्या कॉलेजात कंपन्या येणार होत्या. गुन्हा दाखल झाला तर कुणी उभं करणार नव्हतं. आई गावात कुणाला तोंड दाखवणार, असंही मनात आलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला सगळ्यांसमोर साहेब म्हणणार होते, खरमाटेबाईंची बहीण. खरं सांगायचं तर हे शेवटचं कारण मला सगळ्यात आधी सुचलं.

बाथरूमला मागून एक दार होतं. झाडूवालीसाठी बाहेरून लोखंडी जिना होता. मी कडी काढली. तृप्तीच्या कानामागे, मानेवर अजून काळा रंग होता. नूतनवहिनी न बोलवता आत आल्या. त्यांनी क्रीम लावून तो रंग पुसला, केस सोडून दिले, आणि स्वतःची ओढणी काढून तिच्या डोक्यावरून घेतली. बागेच्या कडेकडेनं गेलीस की डांबरी रस्ता लागेल, तिथं वडापची जीप मिळेल, घाबरू नकोस, असं सांगितलं. तृप्ती जिना उतरून गेली. मी कडी लावली.

उरलेल्या तिघींची नावं मी घेतली. कुणी काही विचारलं नाही. वहीत दहा नावं झाली.

खालून साहेबांनी आवाज दिला, अकरा झाल्या का म्हणून. मी वरून म्हटलं, झाल्या.

नूतनवहिनी बाटल्यांची टोपणं लावत होत्या. मी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

"वहिनी, तुम्हाला खाली यावं लागेल."

त्यांना वाटलं, साक्षीला. मी म्हटलं, तसं नाही, मुलींबरोबर. त्यांनी बाथरूमच्या दाराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्यांना समजलं.

"नावापुरतं," मी म्हटलं. "सकाळी सोडतील. मी आहे ना."

"ह्यांना फोन करते."

फोन जमा करावा लागेल, मी सांगितलं. त्यांनी तो माझ्या हातात दिला. पेटी उचलायला गेल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला. पेटी राहू द्या, उद्या मी आणून देते, असं म्हणाले. पेटी घेऊन त्या खाली आल्या असत्या तर ही कोण म्हणून कुणीतरी विचारलं असतं. मी ती कपाटात ठेवली.

अकरावं नाव लिहिलं. नूतन भास्कर भोकरे, वय छत्तीस. कॉलेजच्या वर्षाचा रकाना मी मोकळा सोडला.

बंगल्याच्या पायऱ्यांवर कॅमेऱ्याचा दिवा लागला होता. दहाही पोरींनी तोंडावर ओढण्या, रुमाल, कुणी दुसरीचं जॅकेट घेतलं. नूतनवहिनींजवळ तोंड झाकायला काही नव्हतं. त्यांनी एक हात वर केला, पण गाडीत चढायला आधार लागतो, म्हणून तो खाली घ्यावा लागला.

त्या रात्री पोरी ठाण्यातल्या बाकांवर बसून होत्या. अंधार पडल्यावर बाईला अटक करायची नसते, म्हणून कागदावर 'चौकशीसाठी' असं लिहिलं. भास्करराव येऊन बाहेर उभे राहिले. त्यांना सकाळी यायला सांगण्यात आलं, पण ते गेले नाहीत. मी नूतनवहिनींना चहा नेऊन दिला. तृप्ती पोहोचली का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. बरं झालं, म्हणाल्या, आणि भिंतीला डोकं टेकलं.

सकाळी सातला कॉलेजचे रजिस्ट्रार आले, त्यांच्याबरोबर वकील, आणि दोन पालक, जे कुणाला तरी फोनवर सारखं 'साहेब, साहेब' म्हणत होते. धुमाळसाहेबांनी दार लावून घेतलं. अर्ध्या तासानं दार उघडलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे मोकळे झालेले. मुलांचं भवितव्य आहे, समज देऊन सोडायचं ठरलं. एका कागदावर एकेकानं सही केली. चहा आला, पोहे आले. कॉलेजची बस फाटकात लागली. सव्वीस मुलं आणि दहा मुली तीत बसून टेकडीवर गेली. त्यांची नावं गुन्ह्याच्या कुठल्याच कागदावर आली नाहीत.

बाकावर नूतनवहिनी एकट्या उरल्या.

साहेबांनी मला आत बोलावून विचारलं, ही कुठल्या वर्षाला आहे. मी सांगितलं, ती विद्यार्थिनी नाही, पार्लर चालवते, मेकअपच्या कामाला आली होती. साहेब माझ्या वहीकडे बराच वेळ बघत राहिले.

"हॉलमध्ये मी मोजल्या तेव्हा ही नव्हती," ते म्हणाले.

मी वही मिटायला गेले.

"सांगू नकोस. सांगितलंस तर मला लिहावं लागेल."

मग ते शांतपणे मला समजावत राहिले. चॅनेलवर रात्रभर बातमी चाललेली, वरून विचारणा झालेली, तेव्हा एवढा छापा टाकून गुन्हाच नाही असं चालणार नाही. स्पीकरवाला आहे, बंगल्याचा राखणदार आहे, बाटल्या आणून देणारा आहे. पण टीव्हीवर बायका दिसल्यात, तेव्हा एक बाई लागेल. पंचनाम्याच्या कागदावर त्यांनी बोट ठेवलं. महिला कर्मचारी म्हणून माझी सही हवी होती.

"सही कर. नाहीतर जी निघून गेली तिचं नाव इथं घाल. कुणी सोडली तेही घाल."

बाहेर टेकडी चढणाऱ्या बसचा आवाज अजून येत होता. तृप्तीचं नाव वहीत असतं तर ती त्या बसमध्ये बसून, पोहे खाऊन गेली असती. ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. पण आता तिचा प्रश्नच उरला नव्हता. आता प्रश्न माझ्या नोकरीचा होता. मी सही केली.

नूतनवहिनींना मीच बाहेर जाऊन सांगितलं, गुन्हा दाखल होतोय, जामीन करावा लागेल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुम्ही सकाळी सोडतील म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. तोवर त्या मला वैजयंता म्हणायच्या, अगं-तुगं करायच्या.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चौघांची नावं होती, पण फोटो एकच होता. पार्लरच्या आडून मुलींना पार्ट्यांना नेणारी महिला, असं त्याखाली लिहिलं होतं. हे कुणी सांगितलं, मला माहीत नाही. दिवाळी तोंडावर होती आणि तुळशीच्या लग्नानंतर गावातली लग्नं लागणार होती. ज्यांनी नवरीचा मेकअप ठरवला होता त्या घरांतून नको म्हणून एकेक निरोप जायला लागला. ज्या बायका दर महिन्याला भुवया करायला यायच्या त्या समोरच्या बाजूनं जायला लागल्या. गाळ्याच्या मालकानं पाटी उतरवायला सांगितलं. त्यांची मुलगी आठवीत होती. तिला शाळेत कुणी काय म्हणालं ते मला नक्की कळलं नाही, पण ती मामाकडे राहायला गेली. संक्रांतीच्या आत भास्कररावांनी दुकान विकलं आणि ते दोघं गाव सोडून गेले. राग येण्यासारखं कुणी काही बोललं नाही. गाव फक्त त्यांच्याकडे बघायचं थांबलं.

पेटी मी बंगल्यावरून आणली होती, दुसऱ्याच दिवशी. परत द्यायला म्हणूनच आणली. पण ती घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की ती बाई तिथं कामाला गेली होती याचा तो एकच पुरावा आहे. आठ दिवस ती माझ्या पलंगाखाली होती. नवऱ्यानं विचारलं, कुणाची. नवव्या दिवशी ड्यूटीवरून येताना मी ती कालव्यात सोडली. ती लगेच बुडाली नाही. थोडं अंतर तरंगत गेली.

खटला चार वर्षं चालला. माझी साक्ष झाली तेव्हा माझी बदली झाली होती, त्या कामासाठी मी रजा घालून आंबेखिंडला आले. नूतनवहिनी मागच्या बाकावर बसल्या होत्या. केस बरेच पिकले होते आणि त्यांनी ते रंगवले नव्हते. त्यांच्या वकिलानं मला विचारलं, माझ्या अशील तिथं मेकअपच्या कामासाठी आल्या होत्या, हे खरं आहे का. मी म्हटलं, सांगता येणार नाही. त्यांच्याजवळ मेकअपची पेटी होती का.

"मला दिसली नाही," मी म्हटलं.

वकिलानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी तेच उत्तर दिलं. टंकलेखकानं ते लिहून घेतलं.

पुढं पंचनाम्याचे दोन्ही पंच साक्षीत उलटले, आणि पुराव्याअभावी चौघंही सुटले. त्याची बातमी कुठल्या पेपरात आली असेल तर मी वाचली नाही.

त्यानंतर वर्षभरानं माझी बदली पुन्हा आंबेखिंडला झाली. साहेब केव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. मला मुद्देमालाचं काम दिलं, म्हणजे जप्त केलेल्या वस्तू सांभाळायच्या आणि कोर्टानं सांगितलं की परत करायच्या. एक दिवस दुपारी कोर्टाचा कागद घेऊन नूतनवहिनी समोर उभ्या राहिल्या. त्यांचा फोन परत घ्यायला आल्या होत्या.

मी त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. कपाटातून पाकीट शोधलं, लाखेचं सील फोडलं, फोन काढून टेबलावर ठेवला. चालू होण्यासारखा तो राहिलाच नव्हता. काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, आता कुठं असता. नणंदेच्या गावी, ब्लाउज शिवते, मुलीचं लग्न ठरलंय, असं त्यांनी सांगितलं. फोनमध्ये तिचे लहानपणचे फोटो आहेत, निघाले तर काढून घ्यायचेत. मी पावती लिहिली. त्यांनी सही केली.

"तृप्ती कुठं असते?" त्यांनी विचारलं.

"बंगळूरला. कंपनीत आहे."

"सांगितलंत तिला?"

मी नाही म्हटलं.

त्यांनी फोन रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. "वकील मला म्हणत होता, कोर्टात त्या मुलीचं नाव सांगा, दोन तारखांत सुटाल. मी नाही सांगितलं. पोर लहान होती." त्या दारापर्यंत गेल्या, आणि तिथून म्हणाल्या, "तुमच्यासाठी नव्हतं ते, मॅडम."

मी टेबलाशी बराच वेळ बसून राहिले. माफी मागायची होती असं मी स्वतःला सांगत होते, पण तोंड उघडलं असतं तर मी सबबीच सांगितल्या असत्या. संध्याकाळी घरी जाऊन तृप्तीला फोन लावला. श्रावण संपत आला होता, तिला वाटलं मी गौरींना येतेस का विचारायला फोन केलाय. मी म्हटलं, तुला एक सांगायचंय, आणि सगळं सांगितलं. वहीतलं दहावं नाव, अकरावं नाव, बस, सही, पेटी, साक्ष. एवढं एका दमात मी तिच्याशी कधी बोलले नव्हते.

फोन कट झाला असं वाटून मी हॅलो म्हटलं.

"मला माहीत होतं ताई," ती म्हणाली. "तेव्हाच पेपरात फोटो बघितला. मुली पण बोलल्या होत्या. वसतिगृहातल्या सगळ्यांना माहीत होतं."

"मग बोलली नाहीस ती."

"तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, तुला नकोय बोललेलं."

मागे तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली. तिनं कुणाला तरी गॅस बंद करायला सांगितलं. त्यानंतर तिनं विचारलं, गौरी कोणत्या वारी बसतात यंदा, आणि मी कॅलेंडर बघून तिला वार सांगितला. ती म्हणाली, मग तिकिटं आजच काढते, नंतर मिळत नाहीत.